कापूस बसलेले झेंडू

गणपती गेले, पितृपक्ष लागला की आमच्या घरात रंगाच्या बाटल्या दिसायला लागतात. यंदा माझी मुलगी ओवी इंटरमिजिएटला बसली आहे. शाळेत असते ती चित्रकलेची ग्रेड परीक्षा. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा मग, त्यात उभे ब्रश, शेजारी किटली, दोन सफरचंदं आणि मागे घड्या पाडून ठेवलेली माझी ओढणी. ही तिची स्थिरचित्राची मांडणी. चार दिवस झाले, परीक्षा संपेपर्यंत ती सफरचंदं कुणी खायची नाहीत आणि ओढणी कुणी धुवायची नाही. नवरा बिचारा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवतो.

या दिवसांत लोकांना काय काय आठवत असेल, शाळेचा वर्ग, सर, मैत्रिणी. मला मत्सर आठवतो. गोड शब्दात सांगण्यासारखं त्यात काही नाही. नववीतला, चांगला ठसठशीत, पोटात दुखणारा मत्सर. आणि तो एका चित्रावरून होता. ते चित्र अजून आहे. भिवंडीत, नारपोलीला माझ्या माहेरी, टीव्हीच्या वर, सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये. देवांच्या तसबिरी करून देणाऱ्या दुकानातून आईनं ती फ्रेम करून आणली, त्यामुळे चार कोपऱ्यांत चार कमळं आहेत. आत तांब्याचा तांब्या, त्यात सात झेंडू, दोन तगरी, खाली कोऱ्या कापडाची घडी. चित्र माझं नाही. मनीषाचं आहे.

मनीषा आमच्या चाळीतली. आम्ही मूळचे तिथलेच, आजोबांची भातशेती होती. माझ्या लहानपणापर्यंत शेतीच्या जागी लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, दोन शेड आणि दहा खोल्यांची चाळ उभी राहिली होती. शेड भाड्यानं दिलेले, खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि बाबा ओट्यावर बसून सगळ्यांना नमस्कार करत. मनीषाचे वडील वाडा तालुक्यातले. गावी थोडी जमीन, इथे राहनाळच्या गोदामात ड्युटी. म्हणजे मी मालकाची मुलगी आणि ती भाडेकरूची. हे आम्ही दोघी कधी बोललो नाही, पण विसरलोही नाही. निदान मी तरी नाही.

शेताचं सगळं गेलं तरी आईनं शेडच्या मागची एक पट्टी सोडली नव्हती. आम्ही तिला वाफा म्हणायचो. दहा पावलं लांब, तीन पावलं रुंद. तिथे झेंडू, तगर, कुंपणावर गोकर्ण. बाबांनी एकदा तिथे आणखी दोन खोल्या काढायचं मनात आणलं, तर आई म्हणाली, "माझ्या अंगावर बांधा मग." बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दसऱ्याला आमच्या तोरणाला बाजारचं फूल कधी लागलं नाही, याचा आईला कोण अभिमान.

आता भिवंडीत वाफा असणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. शेडच्या जाळ्यांमधून दिवसभर कापूस उडायचा. बारीक, पांढरा, वजन नसलेला. तो तारांवर बसायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा, दुधावर बसू नये म्हणून आई पातेल्यावर कायम ताटली ठेवायची. फुलांवर तर बसायचाच. सकाळी फुलं काढली की पहिल्यांदा नळाखाली धरायची, कापूस जाऊ द्यायचा, मग परडीत ठेवायची. देवाला कापूस बसलेलं फूल कुणी वाहत नाही. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की झेंडूचा रंग आधी जरा पांढुरका असतो आणि धुतल्यावर केशरी होतो, असंच मला लहानपणी वाटायचं.

त्या वर्षी आम्ही दोघी इंटरमिजिएटला बसलो होतो. इनकमिंग फुकट झालं आणि बाबांनी पहिला मोबाइल घेतला, तो काळ. चित्रकलेचे सर शाळा सुटल्यावर तास घ्यायचे. एका शनिवारी म्हणाले, "उद्या घरी मांडणी करा, तीन तास घड्याळ लावून बसा, सोमवारी दाखवा." मनीषाच्या खोलीत मांडणी करायला जागाच नव्हती, म्हणून ती आमच्या ओट्यावर आली. आईनं तांब्या दिला. शेडमधून मी कोऱ्या कापडाचा तुकडा आणला. वाफ्यातून फुलं काढली आणि सवयीनं नळाकडे निघाले.

"राहू दे ना," मनीषा म्हणाली. "ओली झाली की रंग बदलतो."

"कापूस बसलाय अगं."

"बसू दे."

मला हसू आलं. म्हटलं, गावाकडची आहे, हिला काय कळतंय. फुलं तशीच तांब्यात ठेवली आणि आम्ही समोरासमोर नाही, शेजारीशेजारी बसलो. बाबांनी मला पोस्टर कलरचा बारा बाटल्यांचा सेट आणला होता. तिच्याकडे रंगाच्या वड्यांची पेटी, त्यातली केशरी वडी मधोमध खोल गेलेली. लागला तर ती माझा रंग मागायची, मी द्यायची. द्यायला मला आवडायचं. आपल्याकडे आहे आणि ती मागते आहे, यात एक सुख असतं.

तासाभरानं लाइट गेली. त्या वर्षांत भारनियमन रोजचंच होतं. दोन्ही शेड एकदम थांबले. खटखट बंद झाली की आमच्या कानात काहीतरी कमी झाल्यासारखं व्हायचं. चिमण्या ऐकू यायच्या, तिसऱ्या खोलीतल्या स्टोव्हचा आवाज यायचा. कामगार बाहेर येऊन ओट्याच्या कडेला टेकले. एक भैया आमच्याकडे बघत म्हणाला, "बिटिया लोग फोटो बना रही है." मनीषानं मान वर केली नाही. माझी मात्र पाठ ताठ झाली, कारण तो कुणाच्या कागदाकडे बघतोय ते मला पाहायचं होतं. तो तिच्याकडे बघत होता.

तीन तासांनी दोन्ही कागद ओट्यावर वाळत ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला बत्ते, वाट्या. आई भांडी विसळून हात पुसत आली. माझ्या चित्रावरून तिची नजर गेली आणि ती म्हणाली, "छान हाय." जसं ती माझ्या वहीला, नव्या फ्रॉकला, बाबांच्या मोबाइलला म्हणायची. मग मनीषाच्या चित्रापाशी ती खाली बसली. गुडघे दुखत होते तरी बसली.

"ह्ये आपलं झेंडू हायेत," ती म्हणाली. "आपल्या वाफ्यातलं."

"माझे पण आपलेच आहेत ना," मी म्हटलं.

"हायेत गो. पन ह्यांच्यावर बघ, कापूस बसलाय."

मी वाकून पाहिलं. खरंच होता. पांढरा रंग तिनं लावलाच नव्हता. पाकळ्यांच्या टोकांवर केशरी जरा पातळ ठेवून, कुठे कुठे कागद उघडा सोडून, तिनं तो कापूस आणला होता. एका झेंडूनं आमच्याकडे पाठ केली होती. त्याचा हिरवा पेला आणि वाकडा देठ तेवढा दिसत होता. आई बोट न लावता त्या देठावरून बोट फिरवत होती. "ह्यो कडंचा. ह्याला ऊन कमी लागतं, म्हणून असा वाकतो."

आणि माझे सात झेंडू? सातही समोर बघत होते, गोल, स्वच्छ, शाळेच्या ग्रुप फोटोत बसल्यासारखे. मी फुलं नळाखाली धुतली नव्हती, पण कागदावर धुतलीच होती. आमच्या घरात फूल म्हणजे हारात ओवायचं, तोंड पुढे करून. पाठ केलेला झेंडू मला दिसलाच नव्हता. माझ्या समोर ठेवलेला असून दिसला नव्हता.

मग आईनं ते केलं, ज्यासाठी मी तिला कितीतरी वर्षं माफ केलं नाही. म्हणाली, "मनीषा, ह्ये मला देशील? लावीन म्हनते घरात."

"घ्या ना काकी," मनीषा म्हणाली. लगेच. सोमवारी सरांना दाखवून तिनं ते आणून दिलंसुद्धा. आता विचार करते तेव्हा वाटतं, मालकीणबाई मागतेय म्हटल्यावर ती पोर नाही कशी म्हणणार होती. आईच्या हे मनातही आलं नसेल. माझ्याही तेव्हा आलं नाही. मला एवढंच कळलं की माझ्या आईला माझ्या घरातल्या तांब्यातली, माझ्या वाफ्यातली फुलं हवी होती आणि ती माझ्याकडून नको होती. माझं चित्र तिनं जपून गुंडाळून कपाटावर ठेवलं. जपून ठेवण्यासारखा अपमान नाही.

फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधी ते चित्र दोन दिवस आमच्या टेबलावर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली होती, बाबा झोपले होते, लाइट गेलेली. शेड गप्प. मी चित्रासमोर बसले आणि इतकी जळले, इतकी जळले की तोंडाला कडू चव आली. केशरीची बाटली उघडली. काय करायचं ते ठरवलं नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, पण ठरवलं होतं. एक मोठा डाग पाडायचा आणि म्हणायचं, बाटली कलंडली.

ब्रश भरून घेतला आणि खालच्या कोपऱ्यात, कापडाच्या घडीवर टेकवला. एवढासा ठिपका पडला, बोटाच्या पेराएवढा. आणि माझा हात थांबला. चांगुलपणानं नाही, भीतीनं. आता आई ओळखेल, आता सगळी चाळ म्हणेल मालकाची पोरगी जळकी आहे. अंगठ्यानं पुसायला गेले तर तो लांबट फिसकटला. रडकुंडीला येऊन मी त्या फिसकटलेल्याकडे बघत बसले, आणि बघता बघता तो मला पाकळीसारखा दिसायला लागला. गळून पडलेली झेंडूची पाकळी. मग मी बारीक ब्रश घेतला. तिला एक टोक दिलं, मधोमध एक गडद रेघ दिली. खाली सावली घातली, सर सांगायचे तशी, काळ्याशिवाय, जांभळ्यात थोडा तपकिरी. वर टोकाशी थोडा रंग ओल्या ब्रशनं उचलला, म्हणजे तिथेही कापूस बसला. अख्ख्या मोसमात मी इतकं मन लावून काही काढलं नव्हतं. गुन्हा झाकत होते ना.

चित्र काचेमागे गेलं. मनीषा ते लावलेलं बघायला आली तेव्हा मी खोलीतून बाहेर गेले आणि वाफ्याला पाणी घालत उभी राहिले. काही झालं नाही. ती आली तशी गेली, दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या डब्यातली भाजीही खाल्ली. परीक्षा झाली. पेपरात फुलं आलीच नाहीत, बादली आणि वांगी आली. मला ए ग्रेड मिळाली, तिला बी. मी घरी उड्या मारत आले. आईनं पेढे आणले, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला टीव्हीच्या वर बोट दाखवून म्हणाली, "ह्ये बघा, आमच्या वाफ्यातलं झेंडू." ए ग्रेडचं सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये आहे.

आणि प्रत्येक बाईला ती एक गोष्ट हमखास दाखवायची. "ती खाली पडलेली पाकळी बघा. ती हाय म्हनून फुलं खरी वाटतात."

म्हणजे माझ्या जळकेपणाची दशा बघा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली इंचभर जागा मी दुसरीच्या चित्रात रंगवली, आणि ती दुसरीच्या नावावर लागली. सांगायची सोय नाही. सांगावं तर चोर ठरते, न सांगावं तर कौतुक तिचं. पुढच्या वर्षी मनीषाच्या वडिलांची नोकरी सुटली, ते खोली सोडून गेले. चाळीत दुसरं कुटुंब आलं. मनीषा गेली तरी तिचा हेवा मात्र माझ्याच घरात, टीव्हीच्या वर राहिला. दहावीचा अभ्यास त्याच्यासमोर केला. मला बघायला आलेला मुलगा, म्हणजे आजचा नवरा, चहाचा कप हातात घेऊन पहिलं वाक्य बोलला ते, "हे चित्र तुम्ही काढलंय का?" मी म्हटलं, "नाही." आईनं आतून ऐकलं असावं, कारण ती लगेच बाहेर येऊन पाकळी दाखवायला लागली.

आता एक कबूल करते. त्या चित्राकडे मी जितकं पाहिलंय तितकं कुणी पाहिलं नसेल, मनीषानंही नाही. प्रेमानं बघणारी आई झेंडूपाशी थांबायची. मी चुका शोधायला बघायची, म्हणून कोपरान् कोपरा पाहिला. तांब्याच्या गळ्याशी चकाकीसाठी तिनं कागद कोरा सोडलाय, तिथे मी पांढरा थापला असता. तगरीची फुलं पांढरी नाहीतच, एक निळसर आहे आणि एक पिवळसर, कारण एक सावलीत आहे. कोऱ्या कापडाला खळीची पिवळट झाक आहे. सगळे झेंडू एकाच तांब्यात असून प्रत्येकाचं केशरी वेगळं आहे, आणि तिच्याकडे तर एकच खोल गेलेली वडी होती. वीस वर्षं शोधूनही मला त्यात चूक सापडली नाही. नावं ठेवता ठेवता मी चित्र बघायला शिकले, त्याची फी मात्र फार झाली.

परवा ओवीला परीक्षेच्या पहिल्या पेपराला सोडलं. कल्याणच्या त्या शाळेच्या गेटबाहेर आया उभ्या होत्या, हातात पॅड, पाण्याच्या बाटल्या. एका बाईनं मला कोपरानं ढोसलं. "दर्शना ना तू?" मनीषा. तशीच, जरा जाड झालेली. कोन गावात दिलंय तिला, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, मुलगा परीक्षेला. मी विचारलं, काढतेस का अजून. म्हणाली, "कुठलं गं. रांगोळी काढते दिवाळीला." तिनं मला हे विचारलं नाही, ते बरं झालं. तिनं विचारलं, "काकी कशा हायेत?"

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळे, गेल्याच महिन्यात. मी ते सांगितलं आणि मनीषा म्हणाली, चल, पेपर सुटेपर्यंत जाऊन येऊ. मला नाही म्हणता आलं नाही. रिक्षात आम्ही मुलांच्या ट्यूशनबद्दल बोललो.

आईनं तिला दारातच ओळखलं. जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला. मग नव्या डोळ्यांचं कौतुक सुरू झालं. भिंतीचा रंग कसा दिसतो, माझ्या वहिनीच्या साडीवरचं फूल न् फूल कसं दिसतं. आणि मग ती म्हणाली, "तुझं चित्र पन आता नीट दिसतं. गो मनीषा, येक इचारू? सगळी फुलं पिवळी पडली, उतरली. ती पाकळी येवढी ताजी कशी राह्यली?"

मी वर पाहिलं. नेहमी बघणाऱ्याला दिसत नाही, पण आईचं म्हणणं खरं होतं. वीस वर्षांच्या उजेडानं तिच्या वडीचे रंग विटले होते. झेंडू हळदीच्या पाण्यासारखे फिके झाले होते. आणि कोपऱ्यातली माझी पाकळी, पोस्टर कलरची, जशी काढली तशी, भडक केशरी. चोरी पकडून द्यायला कुणी दिवा लावून ठेवावा तशी.

मनीषा उठली, चित्राजवळ गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो रंग दर्शनाचा हाय, काकी. तिच्याकडं भारी रंग होते."

"तरीच," आई म्हणाली. आणि कधी नव्हे ते ती चित्राकडून वळून माझ्याकडे बघत राहिली. मी चहा ठेवायला आत गेले.

निघताना गेटपाशी मी तिला अडवलं. मला राहवेना. म्हटलं, "मनीषा, मी ते खराब करायला बसले होते."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"फ्रेम केलेली बघायला आले तेव्हापासून. मी काढलेलं मला कळनार न्हाय का?"

"मग बोलली का नाहीस? माझ्याशी भांडली का नाहीस?"

ती जरा गोंधळली, मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखी. म्हणाली, "चांगली होती गं. माझ्या चित्रात ती पायजेच होती. मला सुचली नव्हती."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. चौदा वर्षांची पोर, भाडेकरूची, आपल्या चित्रात दुसरीनं घाणेरड्या मनानं मारलेला हात बघते आणि म्हणते चांगली आहे. मी वीस वर्षं तिच्या हाताचा हेवा केला. हेवा करायचा तर या गोष्टीचा करायला हवा होता, आणि आता करतेच आहे.

"दर्शू," आईनं आतून हाक मारली. "तिला चार झेंडू दे गो. परडीत हायेत."

परडी ओट्यावर होती, सकाळची, आई आता फुलं धुवायला वाकत नाही म्हणून न धुतलेली. मी मनीषाची पिशवी उघडली, एक एक टाकत गेले. तळाशी एक वाकड्या देठाचा होता, कडेचा, त्याच्यावर दाट कापूस बसलेला. तो मी बाजूला काढून ठेवला, माझ्यासाठी. आमची रिक्षा अजून उभी होती. मग तो उचलला आणि तोही पिशवीत टाकला.